हळदपूड विकणारांची जबाबदारी

शेतकरी व त्याचें पीक यांस सन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा कलम १८ अन्वयें लागू नाहीं. परंतु हळद दळून, पुड्या भरून विकूं लागतांच तोच शेतकरी कायद्याचे दृष्टीनें अन्न-व्यावसायिक ठरतो. त्यास नोंदणी वा परवाना घ्यावाच लागतो. हळकुंडें पॉलिश करतांना पिवळेपणासाठीं शिशाचें क्रोमेट कदापि लावूं नये. तें विषारी असून मुलांच्या मेंदूस अपाय करतें. प्रत्येक दळणास स्वतंत्र क्रमांक देऊन तो पुडीवर छापावा, व कोणत्या दुकानीं किती माल गेला हें वहींत टिपून ठेवावें. सदोष माल बाजारांतून परत घेण्याचें बंधन कलम २८ नें घातलें आहे. वही असेल तर एकच दळण परत आणावें लागेल. नसेल तर सर्वच.