कोल्हापूर परिसरातील हलकी मालवाहू वाहने

कोल्हापूर शहर व जिल्ह्यात गूळ, दूध, भाजीपाला, सूत आणि ओतकामाचे सुटे भाग यांची कमी अंतराची वाहतूक प्रामुख्याने हलक्या मालवाहू वाहनांतून होते. तीनचाकी मालवाहू रिक्षा, छोटे चारचाकी टेम्पो व पिकअप हे त्यांचे प्रमुख प्रकार असून अलीकडे त्यांत विद्युत वाहनांची भर पडली आहे.

पार्श्वभूमी

'टेम्पो' हा शब्द मराठीत रुळला तो १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या तीनचाकी वाहनांमुळे. २००५ मध्ये या कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव धारण केले. त्याच वर्षी टाटा मोटर्सचे 'एस' हे वाहन बाजारात आले. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि सुमारे पाऊण टन भारक्षमता असलेले हे वाहन लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणूनच ओळखले.

भारक्षमता आणि माल

गुळाचा मोठा रवा साधारणतः ३० किलोंचा असतो. दीड टन भारक्षमतेच्या पिकअपमध्ये असे ५० रवे मावतात, तर ६०० किलोंच्या वाहनात केवळ २०. चाळीस लिटर दुधाचा कॅन रिकाम्या कॅनच्या वजनासह सुमारे ५० किलो भरतो. म्हणजे लहान वाहनात बारा कॅन झाले की मर्यादा संपते. गुऱ्हाळावरून शाहू मार्केट यार्डात एकाच फेरीत माल पोहोचवायचा असल्यास पिकअपला पर्याय नाही. याउलट लक्ष्मीपुरीसारख्या दाट बाजारपेठेत पिकअप वळवणे व उभी करणे जिकिरीचे ठरते. तेथे रिक्षा किंवा छोटा हत्तीच उपयोगी पडतो. अर्धा हौदा रिकामा ठेवून धावणारी पिकअप तर मालकाला परवडतच नाही, कारण डिझेल आणि कर्जाचा हप्ता माल पाहून कमी होत नाहीत.

या खर्चाच्या ओढीनेच लहान वाहनात जादा माल भरण्याची सवय जडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमात अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ब्रेक व टायर यांवर पडणारा ताण घाटात जिवावर बेततो, तो वेगळाच.

विद्युत वाहने

टाटा एसची विद्युत आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिची भारक्षमता ६०० किलो, बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आणि कंपनीने सांगितलेला पल्ला १५४ किलोमीटर आहे. भरलेल्या वाहनाला, विशेषतः चढावर, तो कमी मिळतो. २०२४ मध्ये एक टन भारक्षमतेची आवृत्तीही सादर झाली. कोल्हापूर ते इचलकरंजी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर असल्याने तेथील ये-जा एका चार्जिंगमध्ये सहज होते. रत्नागिरी मात्र सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि वाटेत आंबा घाट लागतो. तेथे परतीसाठी चार्जिंगची सोय आधीच पाहून ठेवावी लागते.

घाटाचा हिशेब एकेरी नाही. उतारावर विद्युत मोटार जनित्रासारखी चालून काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. त्यामुळे करूळ किंवा फोंडा घाटातून माल घेऊन कोकणात उतरणे आणि रिकामे परतणे हा क्रम अशा वाहनास सोयीचा असतो. हापूसच्या हंगामात तो उलटतो: भरलेले वाहन घाट चढून येते. त्या दिवसांत डिझेल पिकअपच अधिक भरवशाची ठरते.

परवाने

एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. विद्युत वाहनांना परमिटमधून २०१८ मध्ये सूट मिळाली. एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेली मालवाहू वाहने हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले.

पूरकाळ

२०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर आल्याने वाहतूक थांबली होती. अशा वेळी उंच पिकअपही उपयोगी पडत नाही. पाणी ओसरल्यावर मात्र चिखलाच्या व उखडलेल्या गावरस्त्यांवर उंची आणि मोठी चाके कामाला येतात, तर वीजपुरवठा पूर्ववत होईपर्यंत विद्युत वाहने उभीच राहतात.