आभासी संगणकाच्या पुनःस्थापनेतील अडथळे
शिरूर तालुक्यातील रांजणगाव किंवा दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्याचा हिशेब आणि मालसाठा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरच्या बळावर चालणाऱ्या स्वतंत्र संगणकावर असेल, तर तो बॅकअपमधून परत उभा करताना येणाऱ्या त्रुटीचे मूळ पुष्कळदा बॅकअपच्या साखळीत सापडते. एका पूर्ण प्रतीनंतर दररोज केवळ बदललेला भाग साठवला जात असल्याने मधली एक फाइल बिघडली, तरी तिच्यापुढील दिवसांच्या प्रती निरुपयोगी ठरतात. अशा वेळी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा लॉग, म्हणजे प्रणालीने ठेवलेली घडामोडींची नोंद, वाचून साखळी कोणत्या तारखेला तुटली हे शोधावे आणि त्याआधीची प्रत उतरवावी, हाच खरा उपाय होय. प्रत पूर्ण उतरूनही यंत्र सुरू होत नसेल, तर मूळ यंत्र बायॉस या जुन्या पद्धतीने सुरू होत असे की यूईएफआय या नव्या, हे तपासावे लागते, कारण पद्धत बदलली गेल्यास डिस्क शाबूत असूनही त्यावरील प्रणाली सुरू होत नाही. प्रत उतरवायला डिस्कवर जागा अपुरी पडणे ही त्यामानाने साधी अडचण आहे. मात्र मूळ यंत्र चालू असताना त्याची प्रत त्याच नेटवर्कवर सुरू केल्यास दोहोंचा आयपी पत्ता एकच होऊन दोन्हींचे काम विस्कटू शकते, म्हणून पडताळणी नेटवर्क तोडूनच करावी.