एसी किती वीज खातो?

'एसी लावू का?' विचारलं की आई-बाबा बिलाची आठवण का करून देतात? चला, हिशेबच करू!

१००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट वीज लागते. १५०० वॅटचा एसी रोज ८ तास पूर्ण शक्तीने चालला, तर १२ युनिट. ३० दिवसांत ३६०! ७५ वॅटच्या पंख्याला तेवढ्याच वेळात १८ युनिट पुरतात. म्हणजे एका एसीच्या विजेत २० पंखे!

मात्र खोली गार झाली की एसीला कमी वीज लागते. मग खरा आकडा कसा कळणार? एका रात्री एसी, दुसऱ्या रात्री नुसता पंखा लावा. दोन्ही वेळा झोपताना आणि उठल्यावर मीटर वाचून वजाबाकी करा. दोन्ही उत्तरांतल्या फरकाला बिलावरच्या दराने गुणा. आता एसी किती तास लावायचा, हे घरात सगळे मिळून ठरवा!