शेंगदाणा, सरकी आणि वेदान्त

जगभर संगणकाची कामं करणाऱ्या विप्रोचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा, आणि तोही शेंगदाण्याच्या तेलातून! १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि बोरीकाठच्या या तालुक्याच्या गावी कारखाना उभारला. भोवती काळी जमीन, शेतांत भुईमूग आणि कापूस, शिवाय सुरत-जळगाव रेल्वे दारात.

कारखान्यात होई वनस्पती तूप. शुद्ध केलेलं तेल बंद टाकीत तापवायचं, त्यात निकेलची बारीक पूड घालायची आणि दाबाने हायड्रोजन सोडायचा. तेल हायड्रोजन पकडतं आणि गार झालं की तुपासारखं थिजतं. निकेल मात्र जसंच्या तसं उरतं! पुढे कंपनी संगणकात शिरली. सुरुवातीला गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले होते. बोनस मिळत गेले, शेअरांचे तुकडे होत गेले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्या घरांत कोट्यवधी रुपये आले.

मला त्याहून नवल वाटतं ते प्रतापशेठांचं. कापडगिरणीचा हा मालक. त्यांनी १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. वेदान्ताच्या अभ्यासासाठी देशभरातून तरुण इथे येत आणि शिष्यवृत्तीवर राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालहून येऊन संचालक झाला. गिरणीच्या नफ्याचा असा उपयोग करायला केवढं मन लागत असेल!

याच मंदिराच्या ओढीने साने गुरुजी अमळनेरला आले आणि १९२४ साली शाळेत शिक्षक झाले. छात्रालयाचं काम अंगावर आल्यावर मुलांची विस्कटलेली अंथरुणं ते स्वतः आवरत. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिकही ते मुलांसाठी काढत. रोजचा अंक स्वतःच्या हाताने लिहायचा, तोही शिकवणं सांभाळून! १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

पैसा आला म्हणजे गाव मोठं होतं, असं आपण सर्रास म्हणतो. अमळनेरात पैशाबरोबर शाळा आली, ग्रंथ आले, माणसं आली. १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं आणि २०२४ साली पुन्हा इथेच भरलं. खान्देशात गेलात तर अमळनेरला उतरा आणि तत्त्वज्ञान मंदिर जरूर पाहा.