मुलगा की मुलगी? मेंदू काय बघतो

समजा, सेलूच्या एखाद्या सलूनमध्ये खुर्चीवर बसलेला तरुण म्हणाला, "दादा, मुलगा की मुलगी, पटकन कळू नये असे केस करा." कात्री कुठे चालवायची?

समोरचा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, हे आपला मेंदू क्षणात ठरवतो. भुवयांची जाडी, जबड्याची रुंदी, दाढीची सावली या त्याच्या खुणा. आणखी एक खूण म्हणजे डोळे-ओठ आणि त्वचा यांच्या रंगछटेतला फरक. तो स्त्रियांमध्ये सरासरीने जास्त असतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 मध्ये धड स्त्रीचा ना धड पुरुषाचा वाटणाऱ्या एकाच चेहऱ्यात हा फरक वाढवला, तेव्हा तो बाईचा वाटला. कमी केला, तेव्हा पुरुषाचा. काजळाची किमया हीच.

आवाजाचंही तसंच. पुरुषांचा आवाज साधारण 120 हर्ट्झ, स्त्रियांचा 200 च्या आसपास. मधल्या पट्टीत ऐकणारा अडखळतो.

चाल आणि पेहराव याही खुणाच. मराठी नट नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व (1888-1967) यांनी चाल, नजर आणि नऊवारीच्या जोरावर रंगभूमीवर स्त्री उभी केली. बायका त्यांचं बघून नटायला शिकल्या.

म्हणून मधलं रूप हवं असेल, तर सगळं बदलावं लागत नाही. भुवया किंचित कोरायच्या, केस कानापर्यंत ठेवायचे. सरळ शिलाईचा सैल कुर्ता खांदा आणि कमरेतला फरक झाकतो. एक खूण इकडची, एक तिकडची.

आणि बघणाऱ्यांनी टक लावू नये. तुम्हाला काय म्हणू, एवढं आपुलकीनं विचारावं.