घरांतील हवेचा जमाखर्च

मुळशी खोऱ्यांत पावसाळ्यांत दारें-खिडक्या दिवसचे दिवस बंद असतात. जुन्या कौलारू घरास त्याची फारशी बाधा नसे. चुलीची ऊन हवा हलकी होऊन कौलांच्या फटींतून वर जाई व दाराखालून तितकीच ताजी आंत येई. (धुरानें बायकांचे डोळे चुरचुरत, तें निराळें.) स्लॅबच्या घरांत ती फट राहिली नाहीं.

म्हणून पुष्कळ जण धूर ओढणारा पंखा बसवितात. परंतु जितकी हवा पंखा बाहेर टाकतो, तितकी कोठून तरी आंत यावी लागते. वाट न ठेविल्यास आंतील दाब किंचित् कमी होऊन हवा मिळेल त्या मार्गानें ओढली जाते. मोरींतून दुर्गंधी येते, बंबाच्या धुराड्यांतला धूर उलटा फिरतो. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य उठत नाहीं. बंद न्हाणीघरांतील गॅसचा गिझर व बंद खोलींतील कोळशाची शेगडी याच कारणानें घातक होत.

परीक्षा सोपी आहे. बंब विझलेला असतां दारें लावून पंखा चालवावा व धुराड्याच्या तोंडाशीं उदबत्ती धरावी. धूर खोलीकडे वळला तर आवक अपुरी समजावी. मग पंख्यासमोरील भिंतींत, पावसाची झड न लागेल अशा बाजूस, जाळीचा झरोका ठेवावा. गवंडी कुरकुरतो, यास्तव भिंत उभी राहण्यापूर्वींच त्यास बजावावें.