रॉचडेलचं घर आणि भिंतीवरची ओल

मागे एकदा गटाच्या बैठकीत आम्हाला कुणीतरी विचारलं होतं, "तुम्ही इंग्लंडात राहता, म्हणजे बंगल्यातच राहत असाल ना?" तेव्हा आम्ही नुसतं हसलो. आज रेडिओवर बोलायची संधी मिळाली आहे, तर ते घर कसं आहे, तिथे काय सुख आहे आणि काय त्रास आहे, ते सगळं सांगतो.

इंग्लंडच्या उत्तर भागात मँचेस्टर हे मोठं शहर आहे. तिथून साधारण सोळा किलोमीटरवर रॉचडेल नावाचं गाव आहे. आमचं काम मँचेस्टरला आणि बिऱ्हाड रॉचडेलला. कारण सरळ आहे, मोठ्या शहरातलं भाडं परवडत नाही. आपल्याकडे कर्जत-कसाऱ्याहून माणसं रोज मुंबईला जातात, तसंच हे. सकाळची गाडी मिळाली की वीसेक मिनिटांत मँचेस्टर. ट्रामही आहे, पण ती ओल्डहॅमवरून वळसा घेऊन जाते, तिला बराच जास्त वेळ लागतो. २०२५ साली बसचं तिकीट दोन पौंड होतं, आणि तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा तिकीट काढावं लागत नाही. डिसेंबरात मात्र सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या आत अंधार पडतो. कामाला निघताना काळोख, घरी येताना काळोख. सूर्य दिसतो तो फक्त सुट्टीच्या दिवशी, तोही आभाळ असलं तर नाहीच.

आता घर. एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं, अख्खी गल्ली एका रांगेत. आपल्या चाळीसारखंच, पण प्रत्येकाचा जिना आत आणि दार वेगळं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागे छोटंसं अंगण. दार उघडलं की थेट रस्ता. ही घरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापडगिरण्यांतल्या कामगारांसाठी बांधलेली. मैत्रिणींनो, त्या भागातल्या गिरण्यांत एके काळी आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूसही जात होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला तिथे फार मागणी आली. पुढे १९५०-६० च्या सुमारास पाकिस्तान आणि आताच्या बांगलादेशातून माणसं याच गिरण्यांत रात्रपाळी करायला आली. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. म्हणून आम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानात मेथी, कोथिंबीर, तूरडाळ मिळते, आणि शेजारणीशी मोडक्यातोडक्या हिंदीत सुखदुःख बोलता येतं.

भाडं कमी म्हणजे खर्च कमी, असं मात्र नाही. भाड्याशिवाय नगरपालिकेचा घरकर असतो, तो बहुतेक भाडेकरूलाच भरावा लागतो. पाणी वेगळं, वीज वेगळी, गॅस वेगळा. बऱ्याच घरांत आधी पैसे भरायचे मीटर असतात. दुकानात जाऊन कार्डावर पैसे भरायचे, पैसे संपले की घर गार. त्यामुळे थंडीत हीटर किती वेळ लावायचा, याचा हिशेब घरातली बाई मनात सतत करत असते. अनामत रक्कम मात्र कायद्याने बांधलेली आहे. साधारण घराला पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावी लागते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच हिवाळ्यात मुलीच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. पुसले, आठवड्यात परत आले. मग ठिपक्यांचा पट्टा झाला. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला, आणि मुलीचा खोकला काही थांबेना. घर बघणाऱ्या एजंटला फोन केला, तर तो म्हणाला, "तुम्ही स्वयंपाक फार करता, कपडे आत वाळत घालता, खिडक्या उघडा." आम्हाला लाज वाटली. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून आम्ही फोडणी देणंसुद्धा कमी केलं. ठिपके मात्र वाढतच राहिले.

शेजारची बाई एकदा घरात आली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "ही वाफ नाही, पाणी आहे. बाहेर जाऊन वर बघा." तेव्हा कळलं की ओल तीन प्रकारची असते. एक जमिनीतून वर चढते, ती भिंतीच्या खालच्या भागात दिसते. दुसरी बाहेरून झिरपते, छप्पर फुटलेलं असेल किंवा पन्हाळ गळत असेल तर. तिसरी वाफेची. श्वास, स्वयंपाक, ओले कपडे यांची वाफ गार भिंतीला लागते आणि तिथे पाणी सुटतं. तिसरीवर आपण थोडाफार उपाय करू शकतो. भांड्यावर झाकण ठेवायचं, स्वयंपाकघराचं दार लावून पंखा चालू ठेवायचा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं. पण पहिल्या दोन मालकानेच दुरुस्त करायच्या असतात. आमची ओल दुसऱ्या प्रकारची निघाली, पन्हाळीला भेग होती.

त्या बाईने आम्हाला दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून पोटात गोळा आला. याच गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ गेलं. घर भाड्याचं, भिंतींना बुरशी. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. त्यांनाही हेच सांगितलं गेलं, की तुमच्या राहण्याच्या पद्धतीमुळे असं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निकाल आला, की बाळ बुरशीमुळेच गेलं. त्याच्या आईवडिलांनी पुढे लढून कायदा करून घेतला. तो त्या बाळाच्याच नावाने ओळखला जातो. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत उपाय. ओल-बुरशीचा गंभीर त्रास असेल तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी, तपासणीनंतर तीन दिवसांत लेखी अहवाल, आणि पाच दिवसांत घर धोक्याबाहेर आणायचं. खासगी मालकांनाही हा नियम लावायची तरतूद कायद्यात झाली आहे.

आमचं घर खासगी मालकाचं. तरी नगरपालिकेकडे तक्रार करता येते, तिथला निरीक्षक येऊन घर बघतो. आम्ही एक वही केली. कधी फोन केला, कोण बोललं, काय म्हणालं, सगळं तारखेनिशी. भिंतीचे फोटो काढले, डॉक्टरची चिठ्ठी जोडली आणि लेखी पत्र दिलं. निरीक्षक आला, त्याने पन्हाळ दाखवून दिली. महिन्याभरात दुरुस्ती झाली. भिंत वाळायला उन्हाळा उजाडला, पण पुढच्या हिवाळ्यात खोकला आला नाही.

वही ठेवायची सवय आम्हाला कुणी लावली, सांगू? तुम्हीच. गटात पाच रुपये जमा झाले तरी नोंद आणि सही, हे आम्ही इथेच शिकलो. आणि गंमत बघा, याच रॉचडेलात टोड लेन नावाच्या गल्लीत २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ गरीब कामगारांनी एक दुकान उघडलं. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमवला होता. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण वजन खरं, भेसळ नाही, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. एका सभासदाला एकच मत. बायकांनाही सभासद होता येत होतं. देशाच्या निवडणुकीत तिथल्या बायकांना मत मिळायला १९१८ साल उजाडावं लागलं, तेही सगळ्यांना नाही. जगातली सहकारी चळवळ आजही त्या दुकानाकडे बोट दाखवते. ती इमारत अजून आहे, तिथे संग्रहालय आहे. आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो.

तर मैत्रिणींनो, तुमची लेक, सून, भाची उद्या नोकरीला तिकडे निघाली, तर एवढं सांगा. घर दिवसा बघ, भिंतीला हात लावून बघ, कपाटामागे डोकाव. अनामतीची पावती माग. आणि कुणी म्हणालं, "तुमच्या स्वयंपाकामुळे ओल आली," तर मान खाली घालू नको. बाहेर जाऊन आधी पन्हाळ बघ, मग वही उघड. तुमच्या घरातही भिंत ओली असेल, लेकराला खोकला असेल, तर तिथूनच सुरुवात करा.